कोटेशनमध्ये न विचारलेला प्रश्न

लेकीसाठी पहिली गाडी घ्यायचं घरात ठरलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो विम्याचा. कुठली गाडी घेतली तर हप्ता कमी बसेल? घरातला पैशांचा हिशेब मी ठेवते, त्यामुळे प्रश्न मलाच पडणार होता. गाडीचे पैसे एकदा कसेही उभे करता येतात. दरवर्षी येणारा खर्च मात्र मानगुटीवर बसतो. पण जसजशी माहिती हाती येत गेली, तसतशी मी स्वतःलाच विचारू लागले, की बाई, तुला नक्की काय स्वस्त हवंय? आणि ते स्वस्त झालं तर महाग कुणाला पडणार आहे?

आम्ही वांद्रे पूर्वेला राहतो. लेक बावीस वर्षांची. खेरवाडीतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकली, अंधेरी आरटीओतून पक्कं लायसन्स मिळालं. नोकरी पवईला, सुटायला रात्रीचे दहा-साडेदहा वाजतात. शिवाय सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्यांना दवाखान्यात न्यायचं तर दर वेळी रिक्षावाल्याच्या विनवण्या. गरज खरी आहे, हे मी स्वतःला आधी नीट विचारून घेतलं. लोकल, बेस्ट आणि आता मेट्रो एवढं सगळं दाराशी असताना वांद्र्यात आणखी एक गाडी रस्त्यावर आणायची, तर गरज खरी हवीच.

कोटेशनं आली. ती वाचायला शिकले. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्यासाठी. तो मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेला दर असा: १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात. त्याचे दर २००७ पासून खुले झाले, त्यामुळे कंपनीकंपनीत फरक पडतो. गाडीची किंमत, वय, इंजिन आणि शहर यांवर तो बसतो. मुंबई वरच्या झोनमध्ये, म्हणून इथे थोडा जास्त. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

एवढं सगळं विचारलं गेलं. गाडीचा नंबर विचारला, इंजिन विचारलं, मागचा क्लेम विचारला. गाडी चालवणार कोण, तिला किती दिवसांचा सराव आहे, हे माझ्यापुढे आलेल्या एकाही कोटेशनमध्ये विचारलेलं नव्हतं.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिकडे नवशिक्या पोराला विमा घ्यायचा म्हणजे घाम फुटतो. गाड्यांचे १ ते ५० असे विम्याचे गट वर्षानुवर्षं चालत आले आहेत, आणि तरुण, नव्या चालकाचा हप्ता कित्येकदा त्याच्या जुन्या गाडीच्या किमतीच्या आसपास जातो. म्हणून तिथली मुलं सर्वांत खालच्या गटातली छोटी गाडी शोधतात, गाडीत वेग आणि ब्रेक मोजणारं यंत्र बसवून घेतात. विमा कंपनीच त्यांना दर महिन्याला आठवण करून देते, की बाळा, तू अजून नवा आहेस.

आपल्याकडे ही आठवण कुणी करून देत नाही. चाळीस वर्षं विनाअपघात गाडी चालवलेल्या शेजारच्या काकांचा थर्ड पार्टीचा हप्ता आणि माझ्या लेकीचा हप्ता एकच. हे कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं. नवी चालक म्हणून वेगळा भुर्दंड नाही! मग रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, जोखीम कुठे गेली? ती तर आहेच. वळणावर क्लचवरचा पाय उशिरा उचलणारी, उजव्या आरशात बघताना डावीकडचा सायकलवाला विसरणारी माझीच पोर आहे. तिच्या अननुभवाची किंमत त्या काकांसारख्या हजारो जपून चालवणाऱ्यांच्या हप्त्यांत वाटली गेली आहे. त्यांनी ती माझ्यासाठी भरली आहे. आणि जी किंमत पैशांत मोजता येत नाही, ती रस्त्यावरचा माणूस भरणार.

वांद्र्यात राहणाऱ्याला तो माणूस कोण, हे शोधायला लांब जावं लागत नाही. २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री हिल रोडजवळच्या बेकरीपुढे फुटपाथवर झोपलेल्यांवर गाडी चढली. एक जण गेला, चार जखमी झाले. त्या खटल्याबद्दल सगळ्या देशाला माहीत आहे. चारच वर्षांनी, १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे, कार्टर रोडवर जे झालं ते तेवढं कुणाला आठवत नाही. रस्त्याच्या कामावर आलेले मजूर तिथेच फुटपाथवर झोपले होते. एकविशीतल्या एका तरुणाची गाडी त्यांच्यावर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली आणि पाच लाख भरपाई ठरवली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २००७ मध्ये शिक्षा तीन वर्षांची केली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली.

त्या मुलाच्या रक्तात मद्य सापडलं होतं. हे वाचल्यावर माझं मन चटकन म्हणालं, आपली तशी नाही. या वाक्याशी मी बराच वेळ अडून राहिले, कारण ते खरं आहे आणि तरीही त्याच्या आड मला लपता येत नाही. आपली तशी नाही म्हणून मग विमा स्वस्तातला चालेल, सवय हळूहळू होईल, रात्री एकटी आली तरी चालेल, असा सगळा हिशेब त्या एका वाक्यावर उभा राहतो. दारू न पिता, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी, पवईहून रात्री येताना चुकलेला एक क्षण पुरेसा असतो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पुलाखाली झोपणाऱ्या माणसांना गाडी चालवणारीचे संस्कार कळत नाहीत.

थर्ड पार्टी विमा हा त्यांचा आहे, हे मला या वयात नीट समजलं. आपण त्याला ‘साधा विमा’ म्हणतो, आणि आपल्या गाडीच्या पत्र्यासाठी जो घेतो त्याला ‘फुल’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’. पण मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर थर्ड पार्टीत कंपनीच्या देण्याला वरची मर्यादा नाही; दावा प्राधिकरण मृताचं वय, कमाई, मागे राहिलेली माणसं बघून रक्कम ठरवतं. मालमत्तेचं नुकसान मात्र साडेसात लाखांपर्यंतच. चालकाकडे लायसन्स नसलं तरी बहुधा कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करतात. दोन हजार चौऱ्याण्णव रुपयांत एवढं. एखाद्या मजुराच्या घरासाठी या देशात यापेक्षा भक्कम तजवीज फारशी नाही. आणि गाडीवाला पळून गेला, सापडलाच नाही, तर त्याच घराला सरकारी योजनेतून मिळतात दोन लाख. म्हणजे थांबणं आणि पळणं यांतला फरक त्या घराला पुढची कित्येक वर्षं जाणवत राहतो.

आता गाडीबद्दल. हप्ता कमी म्हणजे १००० सीसीच्या आतली गाडी, एवढं सरळ उत्तर कोणीही देईल. अल्टो के१०, वॅगन आरचं छोटं इंजिन, सेलेरिओ, क्विड. पण सीसी म्हणजे ताकद नव्हे. ह्युंदाई व्हेन्यूचं टर्बो इंजिनही ९९८ सीसीचंच आहे. वॅगन आरचं छोटं इंजिन साधारण ६७ अश्वशक्तीचं आणि हे १२० च्या घरातलं, तरी थर्ड पार्टीचा दर दोघांना एकच. नव्या हाताला कुठली द्यावी हे दरपत्रक सांगत नाही. ते आपल्याला ठरवायचं आहे.

उलट बाजूही आहे. स्विफ्ट, आय१० निऑस, टियागो, पंच यांची इंजिनं १२०० सीसीच्या आसपासची, म्हणून त्या वरच्या गटात जातात. फरक किती? १,३२२ रुपये, जीएसटी धरून वर्षाला साधारण १,५६०. महिन्याला एकशे तीस रुपये. पंचला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले होते. महिन्याचे एकशे तीस रुपये वाचवण्यासाठी मी पोरीला कमी भरवशाच्या पत्र्यात बसवणार होते का? माझा पहिला प्रश्न, हप्ता किती, तसाच रेटत राहिले असते तर बसवलंच असतं. आणि हे तारेही आतल्या माणसांचे आहेत, हे विसरून चालत नाही. बाहेरच्याला वाचवतं ते वेळेत लागणारा ब्रेक आणि चालवणारीची नजर.

म्हणून मी विम्याचा कागद बाजूला ठेवून वर्षं तपासली. एप्रिल २०१९ नंतर विकल्या गेलेल्या सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होत नाहीत, गाडी वळवता येते. नवशिक्याचा पाय ब्रेकवर जोरातच पडतो. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग जानेवारी २०२२ पासून सगळ्यांना सक्तीच्या झाल्या. तेव्हा सेकंडहँड घ्यायची, पण २०२२ च्या आधीची नाही, हे ठरलं. हे म्हणाले, दहा वर्षांची जुनी घे, ठोकली तरी हळहळ नाही. त्यांच्या म्हणण्यात पैशांचं शहाणपण होतं: जुन्या गाडीची घोषित किंमत कमी, म्हणून ओन डॅमेजचा हप्ता कमी. पण ‘ठोकली तरी’ हे शब्द मला खटकले. गाडी ठोकली जाते ती कशावर तरी, कुणावर तरी.

सेकंडहँडच्या बाजारात पाऊल ठेवलं की मोह सुरू होतात, आणि ते सगळे लहान, सभ्य, कायद्याच्या काठावरचे असतात. एका एजंटने सुचवलं, आयडीव्ही, म्हणजे गाडीची घोषित किंमत, जरा खाली लावू, हप्ता उतरेल. दुसरा म्हणाला, आधीच्या मालकाचा पस्तीस टक्के नो क्लेम बोनस आहे, तुमच्या जुन्या गाडीवर होता म्हणून लिहून द्या, कोण बघतंय! नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पहिल्या विनाक्लेम वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाणारी ती सवलत गाडी विकणारा स्वतःबरोबर घेऊन जातो. कंपन्या आधीच्या कंपनीकडे खातरजमा करतात आणि खोटं निघालं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा बाद होतो. हे व्यवहाराचं कारण झालं. माझं कारण निराळं होतं. ही पहिली गाडी. तिचे कागद तयार होताना लेक शेजारी बसलेली असणार. सिग्नल तोडू नकोस हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? एजंटला नाही म्हटलं, हप्ता थोडा वाढला. त्या पैशांचं मला वाईट वाटलं, हेही खरं आहे. मन एवढ्याने मोठं होत नाही.

गाडी कुणाच्या नावावर, यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. यांचं मत माझ्या नावावर. मी चालवत नाही, मला लायसन्सही नाही. मालक-चालकाचा जो पंधरा लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा असतो, तो नोंदणीकृत मालकाला मिळतो आणि त्याच्याकडे लायसन्स असायला हवं. म्हणजे गाडी माझ्या नावावर आणि चालवणार ती, तर ते संरक्षण तिला नाहीच. एवढ्यावर प्रश्न सुटायला हवा होता. पण तिच्या नावावर करायचं म्हणताना माझ्या मनात आणखी काहीतरी होतं, ते बाहेर काढायला वेळ लागला. उद्या काही झालं तर समन्स तिच्या नावाने येईल, माझ्या नाही. मी जबाबदारी शिकवते आहे, की अंग काढून घेते आहे?

या प्रश्नाला मी सोपं उत्तर दिलं नाही. तिला विचारलं. ती म्हणाली, “आई, गाडी माझी असेल तर माझ्याच नावावर हवी. पण सुरुवातीला तू शेजारी बस.” तिच्या दुसऱ्या वाक्यात मला माझं उत्तर मिळालं. जबाबदारी देणाऱ्याने शेजारी बसायला हवं. नावावर करणं आणि सोबत असणं या दोन्ही गोष्टी करायच्या, एकीच्या बदल्यात दुसरी नाही.

बाकीचं पटकन सांगते. ऐच्छिक वजावट, म्हणजे क्लेममधला काही भाग आपण सोसायचा, ती आम्ही घेतली. सक्तीची हजार रुपयांची वजावट असतेच, तिच्यावर आणखी. हप्ता थोडा उतरतो, आणि बंपरच्या ओरखड्यासाठी क्लेम करायचा मोह राहत नाही. तो खर्च ओरखडा पाडणारीच्या पगारातून जाईल. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता मिळणारी भरपाई, नको म्हटलं. इंजिन प्रोटेक्ट मात्र घेतलं, कारण कलानगर, खेरवाडी, खार सबवे या वाटांवर पाणी कधी भरेल सांगता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा रस्त्यात सोडलेल्या गाड्या दुसऱ्या दिवशी बघितलेल्या आहेत. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला आणि इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा बसत नाही. लेकीला मी एवढंच सांगितलं, की पाण्यात बंद पडली तर चावी फिरवू नकोस, उतर आणि चालत ये.

त्याहून जास्त वेळ दुसऱ्या एका गोष्टीला दिला. एका रविवारी जेवणं झाल्यावर तिला समोर बसवलं आणि अपघात झाला तर काय करायचं ते दोघींनी कागदावर लिहून काढलं. गाडी थांबवायची. जखमीला जवळच्या रुग्णालयात न्यायचं. आपल्या भागात भाभा आहे. पोलिसांना कळवायचं, मग विमा कंपनीला. हे चालकाचं कर्तव्य म्हणून कायद्याच्या १३४ व्या कलमात लिहिलेलं आहे. जमाव अंगावर येईल अशी भीती असली तर जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं, पण नाहीसं व्हायचं नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला दीड लाखापर्यंतचे उपचार पहिले सात दिवस रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे, हेही लिहिलं, म्हणजे पैसे कोण भरणार या विचाराने कुणाचा हात आखडायला नको. तिने विचारलं, “आणि चूक माझी नसली तर?” मी म्हटलं, तरी थांबायचं.

ते लिहिताना माझाच हात थरथरत होता. आईने मुलीला गाडीच्या आनंदात असं काही लिहायला लावावं का, असंही वाटून गेलं. तरी लिहून झाल्यावर तिने तो कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की गाडी घेणं योग्य आहे.

गाडी ठरली आहे. २०२२ ची, ११९७ सीसीची, दोन एअरबॅग, एबीएस, पांढरी. वरच्या गटातली, म्हणजे हप्त्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त नव्हे. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आहेत. आरसी नावावर होईपर्यंत थांबायचं नाही. विमा चौदा दिवसांच्या आत तिच्या नावावर करायचा असतो, तो अर्ज आधीच दिला. पॉलिसीवर मालक तीच आणि पंधरा लाखांचा अपघात विमाही तिचाच. पहिले सहा महिने पवईहून रात्री येताना आमच्या दोघांपैकी एक जण तिच्या शेजारच्या सीटवर असेल. हे एक दिवसाआड बसने पवईला जाणार आहेत आणि उरलेले दिवस मी.